मालिकेतले शेवटचे भाग

रहस्यकथेच्या मालिकेचा कस उतरू लागला की ते समीक्षकाच्या आधी पुस्तक बांधणाऱ्याला कळतं. महाडमध्ये माझं छोटं वाचनालय आहे, आणि फाटलेल्या पुस्तकांचं बाइंडिंग मी स्वतःच करतो. मालिकेतले सुरुवातीचे भाग दुरुस्तीला येतात तेव्हा पाठ सुटलेली असते, शिवण उसवलेली असते, आणि पानांच्या खालच्या कोपऱ्यावरचा अंगठ्याचा तेलकट डाग पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत सलग गेलेला असतो. पुढचे भाग हातात घ्यावेत तर हा डाग निम्म्यावरच थांबतो. मधली पानं स्वच्छ, आणि अगदी अखेरची चार-पाच पुन्हा मळलेली. खुनी कोण एवढं बघून वाचकानं पुस्तक परत केलेलं असतं.

अशा प्रती शिवताना मला मनापासून वाईट वाटतं. नवखं वाईट पुस्तक कुणाच्या जिवाला लागत नाही. पण ज्या नायकाबरोबर वाचकानं आयुष्याची वीस वर्षं काढली, तो एक दिवस नुसता नावापुरता उरतो, तेव्हा घरातलं माणूस ओळख विसरल्यासारखं होतं.

महाड-पोलादपूरकडे ही पुस्तकं मुंबईहून आली. गणपतीला, शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीत बाबूराव अर्नाळकर हमखास असत. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव. 1906 ते 1996 असं दीर्घ आयुष्य त्यांना लाभलं आणि त्यात हजारावर रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. लेखनाची पन्नास वर्षं धरली तरी महिन्याला दीड-दोन पुस्तकं होतात. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही नावं ज्यांना शाळेचा धडा धड वाचता येत नव्हता त्यांनाही पाठ होती. मराठी माणसाला वाचनाची चटक लावण्यात अर्नाळकरांचा वाटा फार मोठा आहे, आणि तो आपण अजून नीट मान्य केलेला नाही. पुढे गोव्याच्या गुरुनाथ नाईकांनीही हजाराच्या घरात मजल मारली. त्यांचा कॅप्टन दीप आणि गोलंदाज यांच्यासाठी वाचनालयात नंबर लागायचे.

एवढ्या वेगानं लिहिल्यावर दर्जा घसरणारच, असं लोक सहज म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही. चांगले भागही त्याच वेगानं लिहिलेले होते. मी हे भाग पुन्हा पुन्हा वाचले आहेत आणि माझा अनुभव असा, की आधी कथानक ढासळत नाही. आधी किरकोळ माणसं जातात. सुरुवातीच्या भागांत चहावाला असतो, त्याला दुकान उघडायची वेळ असते, जिना चढताना धाप लागणारा हवालदार असतो, भाडं थकलेली खोलीवाली असते. धागा अशाच कुणाच्या तरी बोलण्यात सापडतो. भाग वाढत जातात तशी ही माणसं गळतात. मग नायकाला कुणाला काही विचारावंच लागत नाही. त्याला सगळं आधीच ठाऊक असतं, आणि शेवटच्या प्रकरणात तो ते आपल्याला ऐकवतो. तपास संपतो आणि भाषण उरतं.

माणसांच्या पाठोपाठ रस्ते जातात. आमच्याकडचा वाचक याबाबतीत फार कडक आहे. एसटीतून निवृत्त झालेले पोलादपूरचे एक कंडक्टर माझे जुने सभासद. एका मालिकेचा पुढचा भाग त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, हा माणूस ऐन पावसात कशेडी पंधरा मिनिटांत उतरला. आंबेनळीला दरड नाही, धुकं नाही, समोरून ट्रक नाही. आधीच्या भागात ह्याच लेखकानं गाडी अडकवली होती, आठवतं? खुनी महाबळेश्वराहून रात्रीत खाली येऊच शकत नाही, त्यावर सगळा उलगडा होता."

मला आठवत होतं. त्या जुन्या भागात घाट बंद असणं हाच पुरावा होता. महाडहून पोलादपूर वीसेक किलोमीटर, तिथून एक रस्ता आंबेनळीनं महाबळेश्वरला चढतो आणि दुसरा कशेडीनं खेडकडे जातो. कोण कुठे कधी पोचू शकतं हे इथे पाऊस ठरवतो. ज्याला खुनाची वेळ जुळवायची आहे त्याला यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार? पुढच्या भागांत मात्र घाटाला नावच नाही. नुसता 'घाट', आणि नायकाची भरधाव गाडी.

अगाथा ख्रिस्तीसारख्या कसबी बाईलाही हे चुकलं नाही. 1920 साली आलेला तिचा गुप्तहेर पोआरो पन्नासहून अधिक वर्षं चालला. 1972 च्या 'एलिफंट्स कॅन रिमेंबर'मध्ये माणसांची वयं आणि वर्षं एकमेकांशी जुळत नाहीत. आणि 1975 मध्ये पोआरोचा अखेरचा 'कर्टन' आला तो पुन्हा घट्ट विणीचा, कारण तो तिनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, हात चालता असताना लिहून कुलपात ठेवला होता. नायकाचा शेवट वेळेवर लिहून ठेवणं ही मला लेखकाची मोठी जबाबदारी वाटते. आपल्याकडे सुहास शिरवळकरांनी दुसरी वाट धरली. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी ऐन लोकप्रिय असताना ते 'दुनियादारी'सारख्या सामाजिक कादंबरीकडे वळले. त्या वेळी हळहळलेले वाचक माझ्याकडे आजही आहेत. पण दारा बुलंदचं पुस्तक अर्ध्यात सोडून परत केलेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

2021 च्या जुलैत सावित्रीचं पाणी महाडात शिरलं तेव्हा माझे खालचे सगळे कप्पे गेले. पुस्तकं फुगून कपाटात इतकी घट्ट बसली होती की पहारीनं काढावी लागली. पुढच्या काही महिन्यांत लोकांनी आपापल्या घरातून पुस्तकं आणून दिली, पुण्या-मुंबईहूनही गठ्ठे आले. ते उघडून लावायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की रहस्यमालांमधले जवळजवळ सगळे भाग उत्तरार्धातले आहेत, आणि नव्यासारखे कोरे. सुरुवातीचे भाग कुणाच्याच हातून सुटले नव्हते. कंडक्टरांना फोन केला तर म्हणाले, "ते नका मागू. नातू वाचतोय."

अर्नाळकरांच्या काही रहस्यकथा अलीकडे पुन्हा छापल्या गेल्या, ही फार चांगली गोष्ट झाली. प्रकाशकांकडे माझं एकच मागणं आहे: प्रत्येक पुस्तकावर पहिल्या आवृत्तीचं साल आणि मालिकेतला क्रमांक छापा. माझ्याकडच्या कित्येक जुन्या प्रतींवर सालच नाही. नवा वाचक मधलाच थकलेला भाग उचलतो आणि लेखकाबद्दल कायमचं मत करून घेतो. तोपर्यंत मी जुन्या सभासदांना विचारून मलपृष्ठाच्या आत पेन्सिलीनं क्रमांक घालतो आहे, आणि सतरा-अठरा वर्षांचं कुणी आलं तर पहिला भाग शोधून हातात देतो.