उशिरा मागितलेला हिशेब

बँकेतली नोकरी संपली तेव्हा गावासाठी काही करायला माझ्याकडे वेळ होता आणि आपल्याला हिशेबातलं कळतं अशी खात्रीही. आमचं तालुक्याचं गाव, ‘क’ वर्ग नगरपरिषद. व्हाउचरं तपासण्यात माझं आयुष्य गेलेलं. नगरपरिषदेचे कागद तपासायचे, चुका बाहेर काढायच्या, म्हणजे कारभार आपोआप सुधारेल, असा माझा समज होता. त्यातून काही बरंही घडलं. पण माझ्या दोन कृतींनी माणसांचं नुकसान झालं. २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका होऊन गावोगावी नवे नगरसेवक बसले आहेत आणि त्यांच्या कामावर लक्ष ठेवायला नवी माणसंही पुढे येत आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

सुरुवात माहिती अधिकारापासून झाली. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं की अर्ज तयार. आम्ही काही जणांनी एक समिती केली आणि अर्जांचा सपाटा लावला. एकाच अर्जात रस्ते, पाणीपुरवठा, दिवाबत्ती, कचऱ्याचा ठेका. वर ‘हे काम याच ठेकेदाराला का दिले?’ असे प्रश्न. अर्ज एका विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत असावा, असा महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे. शिवाय या कायद्याने दप्तरात असलेली माहिती मिळते; जे कागदावर नाही त्याचं कारण मागता येत नाही. अर्ज फेटाळले गेले की ‘लपवताहेत’ असं आम्ही म्हणायचो. काही वेळा ते खरंही असायचं. पण आपलाच अर्ज नीट नाही, हे मान्य करायची आमची तयारी नव्हती.

अशातच बाजारपेठेतल्या काँक्रीट रस्त्याचं बिल हाती आलं. इस्टिमेटमधली जाडी आणि रस्त्याच्या कडेला दिसणारी जाडी यांत सरळ फरक होता. मी स्थानिक साप्ताहिकाला निवेदन दिलं की कनिष्ठ अभियंत्याने खोटी मोजमापं लिहून ठेकेदाराचं बिल काढलं. नाव घेऊन दिलं. मोजमाप पुस्तिका, जिला तिथे सगळे एम.बी. म्हणतात, ती मी पाहिलेली नव्हती. कागदांच्या प्रती मागण्याइतकाच प्रत्यक्ष दप्तर आणि काम पाहण्याचा अधिकारही कायदा देतो, पण मला छापून येण्याची घाई होती.

पुढे समितीतले एक शिक्षक रीतसर तपासणीचा अर्ज करून एम.बी. पाहून आले. कमी जाडीची नोंद तिच्यात स्पष्ट होती आणि तेवढी रक्कम ठेकेदाराच्या पैशांतून कापलेली होती. माझ्याकडे होतं ते पहिलं रनिंग बिल. कपात शेवटच्या बिलात होती. जे काम अभियंत्याने करावं असं आमचं म्हणणं होतं, ते त्या मुलाने केलेलं होतं, आणि तेही ठेकेदाराचा रोष पत्करून. मी त्याच्या घरी गेलो, चुकलो म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, ‘काका, घरी येऊन सांगितलंत, बरं वाटलं. पण छापलं होतं पेपरात.’ तरीही खुलासा छापायला द्यायला मी वेळ लावला. समितीचं नाव खराब होईल, पुढे आमच्यावर कोण विश्वास ठेवील, अशी कारणं मी स्वतःला देत राहिलो. खुलासा आला तोवर तो बदली मागून गेला होता. दुसऱ्याकडून उत्तर मागणाऱ्याने स्वतः उत्तर द्यायला टाळाटाळ केली, याची मला आजही लाज वाटते.

दुसरी चूक याहून मोठी. खालच्या वस्तीतून उघडं गटार जातं. ते बंदिस्त करण्याच्या कामाला सर्वसाधारण सभेत मंजुरी मिळाली, पण तो विषय विषयपत्रिकेवर नव्हता. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ अशी एक ओळ पत्रिकेच्या शेवटी असते, तिच्याखाली तो घेतला गेला. तातडीच्या गोष्टीसाठी ठेवलेल्या या ओळीतून खर्चाचे मोठे ठरावही बिनचर्चेचे निघून जातात, म्हणून आमचा आक्षेप होता. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना ठरावाची अंमलबजावणी थांबवता येते. आम्ही तक्रार केली, पाठपुरावा केला आणि स्थगिती मिळवली. चौकात पेढे वाटले.

ठराव चुकीच्या रीतीने झाला, हे माझं मत आजही कायम आहे. पण रीत सुधारून काम पुढे नेणं शक्य होतं. विशेष सभा बोलवा, विषय पत्रिकेवर घ्या, चर्चा करा आणि मग मंजूर करा, अशी मागणी आम्ही करायला हवी होती. स्थगितीच्या पुढे काय, याचा विचार आमच्यापैकी कुणीही केला नाही. सुनावणीला तारखा पडत गेल्या, निधी खर्च करायची मुदत टळली आणि पैसे परत गेले.

२०१९ चा पावसाळा पश्चिम महाराष्ट्रात कुणी विसरलेलं नाही. आमचं गाव मोठ्या नदीवर नाही, पण त्या ऑगस्टात वस्तीत गटाराचं पाणी शिरलं. एवढ्या पावसाला बंदिस्त गटार पुरलं असतं का, हे मी सांगू शकत नाही. पाऊस थांबल्यावरही घाण पाणी उंबऱ्याच्या आत साचून राहिलं, त्याला वाट मिळाली असती एवढं मात्र नक्की. मदत घेऊन आम्ही गेलो तेव्हा एक बाई मला ओळखून पुढे आली. बँकेत तिचं बचत गटाचं खातं होतं. ‘साहेब, त्या गटारासाठी आम्ही बायका नगरसेवकाच्या दारात किती खेपा घातल्या, ठाऊक आहे का तुम्हाला? तुम्ही ते थांबवलंत. एकदा येऊन आम्हाला विचारायचं तरी!’

मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घेण्याचा प्रयत्नही मी केला नव्हता. समितीत पेन्शनर होते, वकील, व्यापारी, शिक्षक होते. सगळे वरच्या पेठेतले, पक्क्या गटारांच्या आळीतले. ज्यांच्या दारातलं काम आम्ही अडवलं, त्यांच्यातलं एकही माणूस आमच्यात नव्हतं. नगरसेवकांनी लोकांना न विचारता ठराव केला, अशी आमची तक्रार होती. आम्हीही तेच केलं होतं.

या दोन्ही चुकांचं मूळ एकच होतं. काम ठरत असताना मी तिथे कधीच नसायचो, काम झाल्यावर मात्र हिशेब मागायला हजर असायचो. सर्वसाधारण सभा नागरिकांना खुली असते. ‘सभेत नुसता गोंधळ’ असं म्हणून मी तिकडे फिरकलो नाही. वर्षभराचा पैसा कुठे जाणार हे ज्या अंदाजपत्रकाच्या सभेत ठरतं, तीसुद्धा मी कधी ऐकली नाही. त्या सभेत बसलो असतो तर वस्तीतल्या गटाराची मागणी किती जुनी आहे, हे मला तिथेच कळलं असतं.

त्या सभेचं मोल ती बंद झाल्यावर कळलं. २०२१ च्या अखेरीपासून राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका लांबत गेल्या. आमच्याकडेही प्रशासक आले. सभेचे आणि समित्यांचे अधिकार एका खुर्चीत आले. ठराव होत राहिले, पण ‘हा खर्च कशाला?’ असं उभं राहून विचारणारा आणि तो प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घेणारा सदस्य उरला नाही. दिव्याचा खांब बंद पडला तरी कुणाकडे जायचं, हा प्रश्न पडू लागला.

आता सभा पुन्हा भरू लागल्या आहेत. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकतो. ग्रामसभेत सरपंचाला उभं राहून विचारता येतं. नगरपरिषदेच्या सभेत नागरिकाला फक्त ऐकता येतं. म्हणून प्रश्न आधीच लिहून आमच्या प्रभागातल्या सदस्याच्या हाती देतो. समितीत वस्तीतल्या बायका आल्या आहेत आणि कोणता विषय आधी लावून धरायचा हे त्याही ठरवतात. आरोप करण्याआधी दप्तर पाहायचं आणि संबंधित माणसाचं म्हणणं ऐकायचं, हा नियम आम्ही लेखी केला आहे. गटार अजून उघडंच आहे.

माझी विनंती एवढीच आहे. सभेची नोटीस आधी निघते आणि नगरपरिषदेच्या फलकावर लागते, ती वाचा. शेवटच्या ओळीखाली काय घेतलं गेलं, ते इतिवृत्तात पाहा. फेब्रुवारीत अंदाजपत्रकाच्या सभेला जाऊन बसा. चूक दिसली तर जरूर लढा, मागे हटू नका. मात्र कुठलंही काम अडवण्याआधी, ते ज्यांच्या दारात होणार आहे त्यांच्या घरी जाऊन या.