फेस

मल्लेश्वरममधील आमच्या बिऱ्हाडाच्या पायरीवर कन्या पडली व गुडघा फोडून आली. आम्ही जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले. (हल्ली डॉक्टर साबणपाणीच पुरे म्हणतात, पण आम्ही पडलो जुन्या वळणाचे.) तत्क्षणी पांढरा फेस उसळला. रडू विसरून ती म्हणाली, "बाबा, बाटलीत तर हे गप्प होते!"

रसायनशास्त्राची पदवी घेऊन आम्ही केंद्र सरकारची कारकुनी पत्करली, त्यास बारा वर्षे झाली. तरीही उत्साहाने सांगू लागलो. पाणी व प्राणवायू होणे हे पेरॉक्साइडच्या भाळी लिहिलेलेच असते. परंतु वाटेत खंडाळ्याच्या घाटासारखा चढ लागतो, रसायनाच्या मापाने सुमारे ७५ किलोजूल प्रति मोल. तो चढण्याचे बळ फार थोड्या रेणूंपाशी असते, म्हणून बाटली शांत. रक्तातील कॅटलेज हे विकर त्यांना सखल खिंडीतून नेते आणि स्वतः जसेच्या तसे उरते. कॉलेजात मँगॅनीज डायऑक्साइडच्या चिमटीने आम्ही हीच गंमत केली होती. बर्झेलियसने १८३५ साली या उत्प्रेरणास नाव दिले. मात्र घाटाच्या दोन्ही टोकांची उंची उत्प्रेरकास बदलता येत नाही. जे मुळात व्हावयाचे नाही, ते त्याच्याने होत नाही.

कचेरीची आमची बस टाटा इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेच्या, फाटकावरून जाते. परवा कन्या शेजारी होती.

"बाबा, तुम्ही इथे का नाही शिकलात?"

"चढ फार होता," असे ओठांवर आले होते. पण आम्ही प्रवेशाचा अर्जच कधी भरला नव्हता.