मशीन काढल्यानंतर

नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या आयसीयूंबाहेर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "सर, मशीन काढली की किती वेळ?" विचारणारा बहुधा थोरला मुलगा नाहीतर जावई असतो. मागे गावाकडची माणसं उभी असतात आणि फोनवर कोणीतरी सांगत असतं, बहिणी निघाल्यात, तोवर राहू द्या.

उत्तर आजारावर ठरतं. फुप्फुसं निकामी झालेला, रक्तदाब औषधांवर टिकलेला रुग्ण काही मिनिटांत किंवा तासांत जातो. मेंदूतलं श्वासाचं केंद्र शाबूत असेल, तर दिवसही निघतात. अमेरिकेतल्या कॅरन ॲन क्विनलन या तरुणीचा व्हेंटिलेटर १९७६ मध्ये, न्यायालयाच्या निकालानंतर काढला. ती स्वतः श्वास घेऊ लागली आणि १९८५ पर्यंत जगली. वेळ छातीठोकपणे सांगणाऱ्यावर म्हणूनच विसंबू नये.

हे काम घाईचं नाही. आधी मॉनिटरचे भोंगे बंद करतात, घरच्यांना आत बोलावतात. धाप लागू नये म्हणून मॉर्फिन आणि तगमग थांबावी म्हणून मिडाझोलाम देतात. त्यांचा परिणाम दिसल्यावरच व्हेंटिलेटरचा आधार कमी करत आणतात आणि घशातली नळी काढतात. योग्य मात्रेतलं मॉर्फिन जीव घेत नाही, धाप शमवतं. हे नातेवाइकांना आधीच सांगावं, नाहीतर 'इंजेक्शन दिलं आणि गेले' ही सल घरात वर्षानुवर्षं राहते.

मग श्वासाची लय बिघडते. काही भराभर श्वास, मध्येच थांबा, पुन्हा एक खोल श्वास. घशात स्राव साचून घरघर लागते. ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं, पण तोवर रुग्णाची शुद्ध बहुतेक वेळा हरपलेली असते. कुशीवर वळवलं की आवाज उतरतो. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटते. चमच्याने पाणी पाजल्यास ठसका लागतो. त्याऐवजी गंगाजलात भिजवलेला कापसाचा बोळा ओठांवरून फिरवावा.

ब्रेनडेड रुग्णाचं वेगळं. अवयवदानासाठी १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टर किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या करतात. यंत्र काढताना क्वचित रुग्णाचे हात छातीकडे उचलले जातात आणि घरचे "जिवंत आहेत!" म्हणून ओरडतात. ती मज्जारज्जूची हालचाल असते, मेंदूची नव्हे.

आपल्याकडे कायद्याची वाट मुंबईच्या केईएम रुग्णालयातून निघाली. १९७३ मध्ये हल्ला झालेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना मरू द्यावं म्हणून पत्रकार पिंकी विराणी यांनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली, पण आधार काढण्याचं तत्त्व मान्य केलं. तेव्हा अरुणा व्हेंटिलेटरवर नव्हत्या. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना २०१५ पर्यंत सांभाळलं. २०१८ च्या निकालाने लिव्हिंग विलला, म्हणजे अखेरच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, मान्यता मिळाली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सुटसुटीत झाली : दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, आणि रुग्णालयात डॉक्टरांची दोन मंडळं.

नांदेड-लातूरकडे मात्र सहसा वेगळंच घडतं. पैसे संपलेले असतात, आशाही. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत असल्याच्या कागदावर सही होते, आणि किनवट-माहूरकडच्या शंभराहून अधिक किलोमीटरच्या रस्त्यावर कोणीतरी अँब्युलन्समध्ये श्वास देणारी अम्बू बॅग हाताने दाबत बसतं. घराच्या ओसरीवर पोचल्यावर नळी निघते. सही घेताना डॉक्टरांनी हात झटकलेले असतात, त्यामुळे मॉर्फिन नाही, स्राव कमी करणारं औषध नाही. शुद्धीत असलेला माणूस धापा टाकत जातो आणि ते नातवंडं बघतात.

आपल्या उंबऱ्याआत प्राण जावा ही इच्छा मला पूर्ण रास्त वाटते. चूक आहे ती रुग्णाला रिकाम्या हाताने पाठवण्यात. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून मॉर्फिन ठेवायला रुग्णालयाला राज्याच्या औषध प्रशासनाची एकच मान्यता पुरते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या आयसीयूंनी ती घ्यावी. निघताना किती औषध, किती वेळाने, हे मराठीत लिहून द्यावं, घरातल्या एकाला कुशीवर वळवायला शिकवावं आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर त्याच कागदावर लिहावा.