बघायचे मासे, खायचे मासे

बँकेत बावीस वर्षे कारकुनी केली की माणसाला जगात दोनच रकाने दिसू लागतात. एक नावे आणि दुसरा जमा. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन आला तरी आमच्या मनात ‘आहेर नावे, जिलेबी जमा’ अशी नोंद आपोआप पडते. त्यात मी बी. कॉम. म्हणजे ताळेबंद जुळल्याशिवाय झोप लागू नये, असे शिक्षणच घेतलेले. अशा माणसाने मालवणला जाऊ नये. तिथला ताळेबंद मला अजून जुळवता आलेला नाही. समुद्र एकच, पण त्यात मासे दोन प्रकारचे : पैसे देऊन बघायचे आणि पैसे देऊन खायचे.

आता डॉल्फिन हा मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे, हे मला ठाऊक आहे. आमच्या सौभाग्यवतींनी ते ठाण्यापासून कुडाळपर्यंत तीनदा सांगितले. पण रात्रीच्या गाडीत, वरच्या बर्थवरून कोणी जीवशास्त्र शिकवू लागले, तर ते कितीसे डोक्यात शिरणार?

मालवणला जाण्याचे ठरले ते एल. एफ. सी.मुळे. बँकवाल्याच्या आयुष्यात देवधर्म, कुळाचार यांच्या खालोखाल पवित्र गोष्ट म्हणजे एल. एफ. सी. हे प्रवासभाडे वापरले नाही तर मुदत संपून वाया जाते, आणि बँकेकडून येणारी रक्कम वाया घालवणे हे आमच्यात पाप समजतात. आमच्या शाखेतले लोक त्यापायी काश्मीर ते कन्याकुमारी भटकून आलेले. आमच्या घरात मात्र एकमत होणे कठीण. सौ. पक्की शाकाहारी, पण पशुपक्ष्यांची विलक्षण हौस. चिरंजीव कॉलेजात, त्यांना पाण्यात बुडी मारून फोटो काढून घ्यायचे होते. आणि मला मासे खायचे होते. डोंबिवलीच्या आमच्या घरात मासा शिजत नाही, त्यामुळे माझे मत्स्यप्रेम आजवर हॉटेलांतून, परक्याच्या आधाराने वाढलेले. एकीला मासे बघायचे, एकाला माशांमध्ये पोहायचे, एकाला मासे गिळायचे. अशा तिन्ही अर्जदारांना एकाच वेळी मंजुरी देणारे गाव महाराष्ट्रात मालवणच.

सकाळी कुडाळला उतरून रिक्षाने मालवण गाठले. आमची उतरण्याची सोय तारकर्लीच्या वाटेवर एका घरात होती. दारात माड, अंगणात सारवलेली जमीन, आणि भिंतीवर पैसे घेण्याचा तो काळापांढरा चौकोन. आम्ही अजून चपला काढतोय तोच आतून प्रश्न आला, “वयनी, खंयसून इलात? चाय घेतलात मां?” घरमालकीण काकी साठीच्या. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो पहिल्याहून महत्त्वाचा. “दुपारी काय करूचा? बांगडो की सुरमई?” बावीस वर्षांत माझ्याशी इतक्या आपुलकीने कोणी बोललेले नाही.

सौ. म्हणाल्या, “मला वरणभात चालेल.”

काकींनी त्यांच्याकडे अशा काही मायेने पाहिले, की जणू या बाईंना नुकताच ताप येऊन गेला आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे डॉल्फिन. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथून होडी निघाली. होडीचा तांडेल सत्तरीला आलेला, काटक, बोलायला कंजूष. फेब्रुवारीचा महिना असल्यामुळे समुद्र नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरीसारखा होता. इथला डॉल्फिन राखी रंगाचा, पाठीवर उंचवटा असलेला. तो किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहतो आणि सर्कशीतल्यासारख्या कोलांट्या मारायच्या भानगडीत सहसा पडत नाही. श्वास घ्यायला वर येतो, पाठ दाखवतो आणि ‘तो बघा’ म्हणेपर्यंत पुन्हा खाली. आमच्या एका जुन्या मॅनेजरांची आठवण झाली. ते असेच दिवसातून चारदा केबिनबाहेर येऊन श्वास घेत आणि गिऱ्हाईक ‘साहेब’ म्हणेपर्यंत अदृश्य होत. सौ.ना पाच पाठी दिसल्या, चिरंजीवांना तीन. मला दोन दिसल्या, पण पैसे तिघांचे दिले होते म्हणून मीही पाच म्हणालो.

सौ. अगदी भारावून म्हणाल्या, “काय गोड असतात नाही हो?”

तेव्हा तांडेल पहिल्यांदा तोंड उघडता झाला. “गोड आसत, वयनी. पण आमची जाळी फाडून आतली मासळी खातत. तुमी ह्येंका बघूक पैशे दितास. फाटल्या जाळ्याचे पैशे कोण देतलो?”

होडीत शांतता पसरली. कारण प्रश्न रास्त होता. डॉल्फिन जाळ्यातले मासे पळवतो हे खरे, आणि कायद्याने त्याला पहिल्या दर्जाचे संरक्षण आहे हेही खरे. म्हणजे चोर ओळखीचा आहे, रोज दिसतो, पण तक्रार नोंदवता येत नाही. मी विचारले, “मग तुम्हाला त्याचा राग येत नाही?”

“राग कसलो? तो पोटापुरता खाता.” आणि क्षितिजाकडे मान वळवून तांडेल म्हणाला, “पोटापुरता न खाणारे वायले आसत.”

ते ‘वायले’ म्हणजे वेगळे कोण, हे त्याने तेव्हा सांगितले नाही. मीही विचारले नाही, कारण नाश्त्याची वेळ झाली होती.

दुपारी मी दुसऱ्या रकान्याकडे वळलो. काकींच्या ताटाचे वर्णन करताना माझी लेखणी, म्हणजे बँकेने दिलेले बॉलपेन, थरथरते. तिरफळ घातलेली बांगड्याची कढी, सुक्या खोबऱ्यातल्या तिसऱ्या, रव्यात घोळवलेली सुरमई आणि वर गुलाबी सोलकढी. तिरफळ हे फळ चावायचे नसते, हे चावल्यावर कळते. जीभ पाच मिनिटे संपावर जाते. पण त्याच्या वासाने बांगड्यासारख्या साध्या, दहात मिसळणाऱ्या माशाला जे व्यक्तिमत्त्व येते, ते मी अनेक माणसांतही पाहिलेले नाही.

पापलेटही विचारले. काकी म्हणाल्या, “भाव ऐकान भूक मरात.” आणि खरेच मेली. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने चंदेरी पापलेटला ‘राज्यमासा’ म्हणून जाहीर केले. आता आपल्याकडे शेकरू राज्यप्राणी आहे, हरियाल राज्यपक्षी आहे, ब्लू मॉरमॉन हे राज्यफुलपाखरू आहे. यांपैकी कोणालाही आपण हिरवी चटणी भरून तव्यावर टाकत नाही. पापलेट हा एकटाच सन्मानमूर्ती असा, की ज्याचा सत्कार झाल्यावर लगेच भोजन होते, आणि त्यात तो स्वतः असतो. पण गमतीमागचे कारण गमतीचे नाही. पापलेट घटत चालले म्हणून हा मान मिळाला. पिल्ले पकडू नयेत, मोठी होऊन एकदा तरी वीण होऊ द्यावी, एवढेच मागणे. मुदतठेव मुदतीआधी मोडू नका, हेच आम्ही काउंटरवरून रोज सांगतो. तिथे तरी कोण ऐकते?

सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली. चहूकडे खारे पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. चिरंजीव स्कूबा करून आले आणि प्रवाळ पाहिल्याचे सांगू लागले. या परिसरात १९८७ साली २९ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हापासून मच्छीमारांचा त्याला विरोध. माशांना अभय दिले की आपल्याला भय, असे त्यांचे साधे गणित. चिरंजीवांना पाण्यात नेणारा मुलगा आमच्या तांडेलाचा नातू निघाला. आजा मासे पकडायचा, नातू मासे दाखवतो. धंदा बदलला, गिऱ्हाईक तेच.

सौ.च्या आग्रहाने एक दिवस वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला कासवांसाठी गेलो. ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा चौकशीला येत नाही. ‘दावा न केलेल्या ठेवी’ ही आमच्याकडची सर्वांत डोकेदुखीची फाइल. पण इथे गावकरी ती ठेव जिवापाड सांभाळतात. कोल्हेकुत्र्यांपासून वाचवायला अंडी कुंपणाआड हलवतात आणि पन्नासेक दिवसांनी पिल्ले निघाली की समुद्रात सोडतात. हजार पिल्लांतले एखादेच मोठे होते, असे सांगतात. हजारात एक! असा वसुलीचा दर असता तर आमची शाखा बंद पडली असती. पण तेवढ्या एकावर कासवांनी कोट्यवधी वर्षे बँक चालवली आहे. तळहाताएवढेही नसलेले एक पिल्लू लाटेने तीनदा मागे फेकले आणि ते चौथ्यांदा निघाले, तेव्हा सौ.चे डोळे भरून आले. मी खारा वारा फार असल्याचे सांगून चष्मा पुसला.

शेवटच्या सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीने अर्धवर्तुळात लांबच लांब जाळे सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसांनी ओढायचे. मीही ओढले. बावीस वर्षे शिक्के मारून हाताला आलेले बळ तिथे काही कामाला आले नाही. दोन तासांनी जाळे आले. त्यात पाटीभर तारली, थोडे बांगडे, खूपसे शेवाळ आणि दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या. ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. वाटा करायला बसले तेव्हा माशांपेक्षा माणसे जास्त दिसू लागली.

आमचा तांडेल तिथेच होता. मी त्याला त्या ‘वायल्यां’बद्दल विचारले.

“रात्री कधी भायर बघा, सायबानू. दर्यात गाव वसल्यासारखे दिवे दिसतत.”

मग त्याने सांगितले. रापण किनाऱ्याशी आलेले घेते. पर्ससीनची मोठी नौका थव्याभोवती जाळे टाकून खालून दोरी आवळते, की अख्खा थवा एका वेळी पिशवीत. त्यावर प्रखर दिवे सोडले की लांबचा मासाही आपल्या पायांनी, म्हणजे परांनी, चालत येतो. राज्य सरकारने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ साली दिव्यांची मासेमारी बंद केली. पावसाळ्यात जून-जुलैचे दोन महिने यांत्रिक नौकांना समुद्र बंदच असतो. “कायदो आसा,” तांडेल म्हणाला. “दिवे पण आसत.”

तेव्हा कुठे मला रकाने दिसू लागले. समुद्र हे संयुक्त खाते आहे. त्यावर सह्या डॉल्फिनची, कासवाची, रापणकराची आणि माझ्यासारख्या खवय्याचीही. डॉल्फिन घेतो ते व्याज. रापण घेते ते व्याज. व्याजावर घर चालते, पिढ्यानपिढ्या चालते. पण एकाने रात्री दिवे लावून मुद्दलच उचलले, तर उरलेल्या खातेदारांनी सकाळी पासबुक भरून काय बघायचे? आणि बघायचे मासे वेगळे, खायचे मासे वेगळे, हेही खरे नव्हे. तांडेलाला तारली मिळाली नाही तर डॉल्फिनलाही मिळणार नाही. मग माझे ताट आणि सौ.ची होडी, दोन्ही एकाच दिवशी रिकामी.

मी तांडेलाला हे बँकेच्या भाषेत समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, “ता खरा. पण तुमच्या बँकेत कोण मुद्दल चोरूक लागलो तर तुमी काय करतास?”

“घंटा वाजवतो. पोलिसांना बोलावतो.”

“आमी पण वाजवतो,” तो म्हणाला. “दर्यात आयकाक येणा नाय.”

दुपारी निघायच्या आधी काकींनी ताट वाढले. सुरमई नव्हती. “आज गावली नाय,” त्या म्हणाल्या, “तारली आसा. खातलात मां?” पाटीभर तारलीतली नातवाच्या वाट्याला आलेली मूठभर काकींनी विकत घेतली होती. मी काट्यासकट खाल्ली. तिचा दोर मीही ओढला होता, म्हणून असेल, पण तशी चव सुरमईलाही आली नव्हती. सौ.नी वरणभात कालवता कालवता माझ्या ताटाकडे पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा नाक न मुरडता म्हणाल्या, “सावकाश खा हो. काटा लागेल.”