कुलपाचा फोटो

थोडं मोठं लिहितोय. शिव्या घालायच्याच असतील तर शेवटपर्यंत वाचून घाला.

महसूल खात्यानं २०२५ मध्ये तलाठ्यांपासून वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत फेस ॲपची हजेरी सक्तीची केली. जिथं नेमणूक आहे तिथंच उभं राहून मोबाईलला चेहरा दाखवायचा. बातमी आली त्या दिवशी आपल्या तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर एकच सूर होता, ‘आता सापडले!’ मीही एका ठिकाणी हसण्याचा इमोजी टाकला. नंतर काढून टाकला. का काढला, ते सांगतो.

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे मामा वारले (आत्याचे मिस्टर, आमच्याकडे मामाच म्हणतात). जमीन पावणेतीन एकर. वारस नोंद झाल्याशिवाय सातबाऱ्यावर आत्याचं नाव लागेना, आणि नाव लागल्याशिवाय बँक पीककर्जाचं बोलेना. नोंदीची पद्धत तुम्हाला माहीत आहेच. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडं अर्ज, मग फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, हरकत नसली तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करणार. कागदावर हे महिना-दीड महिन्याचं काम. आत्याचं अडकलं होतं पहिल्याच पायरीवर, कारण अर्जातली एक चूक दुरुस्त करायची होती आणि तलाठी भेटत नव्हत्या. सज्जा शेजारच्या गावात. काळी-पिवळीचं भाडं वेगळं, बुडालेला खुरपणीचा रोज वेगळा. तीन चकरा झाल्या. चौथ्या वेळी मी सोबत गेलो.

मंगळवार, सकाळचे साडेअकरा. दाराला कुलूप. आत्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “आरं, काम नाही झालं तर नाही झालं, दार तरी उघडं दिसावं की माणसाला.”

माझं डोकं सटकलं. कुलपाचा फोटो काढला, समोर आत्यासकट बसलेली चार माणसं घेतली आणि संध्याकाळी बातमी लावली, ‘तलाठी गायब, शेतकरी वाऱ्यावर’. आत्या माझी आहे हे बातमीत कुठंच लिहिलं नाही. बातमी जोरात चालली. तिसऱ्या दिवशी त्या तलाठी मॅडमना नोटीस निघाली.

पुढच्या आठवड्यात तहसीलसमोरच्या चहाच्या टपरीवर त्या स्वतःच माझ्याकडं आल्या. मला वाटलं आता भांडण. त्यांनी मोबाईल पुढं केला. त्याच मंगळवारचे फोटो, वेळ आणि ठिकाणासकट. गुडघाभर पाण्यातली कपाशी, शेतकरी, ग्रामसेवक, कृषी सहायक आणि या. अतिवृष्टीचे पंचनामे सुरू होते. ते गाव त्यांच्या मूळ सज्जातलं नव्हतंच. दुसऱ्या सज्जाचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडं होता, पंचनामे तिकडं होते आणि मुदत वरून आलेली होती. “भाऊ, एक फोन केला असता तर सांगितलं असतं,” एवढंच म्हणाल्या. नंबर माझ्याकडं होता. फोन मी केला नव्हता.

खुलासा छापला. पाचव्या पानावर, तीन ओळी. फोटो पहिल्या पानावर होता.

म्हणून आता फेस ॲपवर मला हसू येत नाही. पण याचा अर्थ कर्मचारी सगळे बिचारे आणि जनता खोटी, असाही कुणी काढू नका. करोनात मार्च २०२० मध्ये राज्यातल्या सरकारी कार्यालयांची हजेरी ५ टक्क्यांवर आणली होती, आणि ७ फेब्रुवारी २०२२ पासून केंद्रानं आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना पुन्हा कार्यालयात बोलावलं. शहरातला वर्क फ्रॉम होमचा वाद तिथून सुरू झाला. आपल्या गावाकडं मात्र तालुक्याला राहून गावची नोकरी करण्याची पद्धत त्याच्या कितीतरी आधीची आहे. साडेदहाच्या गाडीनं यायचं, तीनच्या गाडीनं परत. घरभाडे भत्ता मुख्यालयी राहतो म्हणून घ्यायचा आणि पोरं तालुक्याच्या शाळेत. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ग्रामविकास खात्यानं मुख्यालयी राहण्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागितला. असे ठराव मी डोळ्यांनी पाहिलेत. एकाच छापाचे, फक्त नाव बदललेलं. सरपंचाला गावाशी वैर नको आणि मास्तरला सरपंचाशी. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षकांच्या मुख्यालयी राहण्याचा प्रश्न विधानसभेत काढला, तेव्हा शिक्षक रस्त्यावर उतरले. दोन्ही बाजूंनी खूप बोललं गेलं. गावात राहायला खोली आहे का, हे कुणी बघायला गेल्याचं मला आठवत नाही.

त्या मॅडमचं ऑफिस मी नंतर आतून पाहिलं. भाड्याची एक खोली, पत्रे गळके, संडास नाही. लघवीला शेजारच्या बाईंच्या घरी जावं लागतं, तेही त्या घरात असल्या तर. इथं मुक्कामी राहा म्हणणाऱ्यानं आपल्या बहिणीला तिथं एक रात्र ठेवून दाखवावं.

आणि कार्यभाराचं काय? २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली तेव्हा १० लाखांवर अर्ज आले. नोकरी हवी असलेल्या पोरांची कमी नाही हे त्यावरून कळतं, आणि तोवर एवढ्या जागा रिकाम्या होत्या हेही कळतं. त्या रिकाम्या सज्जांचं काम कुणीतरी करतच होतं. दोन सज्जे एका माणसाकडं असतील तर फेस ॲपला चेहरा एकाच ठिकाणी दाखवता येतो. दुसऱ्या गावाचं दार त्या दिवशी बंदच राहणार, आणि ॲपवर मात्र हजेरी शंभर टक्के दिसणार.

उलटंही होतं. दार उघडं, चेहरा दाखवून झालेला, साहेब मात्र टपरीवर, आणि खुर्चीत झिरो तलाठी. पगार सरकारचा नाही, सहीचा अधिकार नाही, पण सातबारा त्याच्याशिवाय हलत नाही. त्याच्या हजेरीचं ॲप कुठलं?

माझ्या मते ॲप असू द्या. पण दारावर एक पाटी लावा. कोणत्या वारी कोणत्या गावात, आज पंचनाम्याला असतील तर कुठं, आणि फोन नंबर. खडूनं लिहिली तरी चालेल. आत्याच्या तीन चकरा त्या पाटीनं वाचल्या असत्या. माझी बातमीही झाली नसती. ही मागणी मी त्या वर्षी करायला हवी होती. मी कुलूप छापलं.

आत्याची नोंद पुढं झाली. त्याच मॅडमनी केली, नोटिशीचा राग न धरता. पण तोवर पीककर्जाची वेळ निघून गेली होती. त्या हंगामाचं बियाणं आणि खत सावकाराच्या पैशानं आलं. त्याचं व्याज आत्यानं दोन वर्षं फेडलं. मॅडमची बदली झाली. नोटिशीचा कागद त्यांच्या फाईलमध्ये अजून असेल, खुलाशाचं कात्रण तिथं लावलंय की नाही कोण जाणे.

परवा त्याच गावातून एका वाचकाचा व्हॉट्सॲप आला. कुलपाचा फोटो, खाली लिहिलेलं, ‘दादा, लावा बातमी.’ मी आधी सध्याच्या भाऊसाहेबांना फोन लावला. दोनदा वाजला, उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. म्हणाले, तहसीलला मीटिंगला आहे. मी तहसीललाच होतो. मीटिंग खरंच होती, भाऊसाहेब मात्र त्यात नव्हते.

ही बातमी उद्या लावतोय. त्यांची बाजू विचारलीय, ती पण येईल, त्याच पानावर.