बागलाणात पडलेला बर्फ

उन्हाळ कांदा चाळीत भरला जायचा त्या दिवसांत सटाण्याच्या हवेला एक उग्र, किंचित गोडसर वास असायचा. दारं लावली तरी तो आत यायचा, अंथरुणात, पांघरुणात, आजीच्या लुगड्याच्या पदरात जाऊन बसायचा. त्या वासात माझ्यापुरता आणखी एक वास कायमचा मिसळून गेला आहे, जाड गुळगुळीत कागदाचा, परक्या शाईचा आणि बांधणीतल्या सरसाचा. अजूनही लहान मुलांचं एखादं नवं कोरं चित्रांचं पुस्तक हाती आलं, की मी ते आधी नाकाशी धरते. त्यातून कांद्याचा वास येत नाही, आणि क्षणभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

ते पुस्तक मामानं आणलं होतं. मामा ओझरला मिगच्या कारखान्यात. १९६४ साली तिथे रशियाच्या मदतीनं लढाऊ विमानं बांधायचा कारखाना उभा राहिला आणि नाशिकच्या द्राक्षबागांच्या शेजारी रशिया हा शब्द घरगुती झाला. मामा सुट्टीला देवळ्यावरून एसटीनं यायचा, पिशवीत कधी चिवडा, कधी पेरू, आणि त्या वर्षी नाशिकच्या कुठल्याशा प्रदर्शनातून घेतलेलं हे पुस्तक. अगदी स्वस्तात मिळालेलं. प्रगती प्रकाशन, मागाहून रादुगा. मराठीत छापलेली ही पुस्तकं थेट मॉस्कोहून येत. आमच्या हिशेबी मॉस्को हे ओझरच्या थोडं पुढचं गाव होतं.

पुस्तकाचं नाव आता आठवत नाही. गोष्टही धड आठवत नाही. शब्द थोडे, तळाशी ओळीत उभे. वर सगळं चित्रांचं राज्य. त्यातलं एक जोडपान मात्र डोळे मिटले की आजही उलगडतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसतं पांढरं शेत, काळ्या निष्पर्ण झाडांची एक रांग, दूर एक लाकडाचं घर, त्याच्या धुराड्यातून वर जाणारा धूर, आणि अलीकडे कानांवर टोपी ओढून उभा असलेला एक मुलगा. बस. मे महिन्याच्या दुपारी, पत्रा तडतडत असताना, आम्ही दोघी त्या पांढऱ्या पानावर ओणवत असू. आजीला अक्षरओळख नव्हती. त्यामुळे तळाच्या ओळींची तिला अडचण नव्हती.

ते पांढरं काय, हे तिनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. मी कापूस म्हणाले होते. तिनं मान हलवली, शेतावरून बोट हळूहळू फिरवलं आणि म्हणाली, "काय व माय, बिचारास्नं समदं पीक गयं!"

गारा. आमच्याकडे आभाळातून पांढरं पडतं ते एवढंच. आणि ते पडतं तेव्हा ओंबीत आलेला गहू, घाट्यावरचा हरभरा, मातीत फुगत चाललेला कांदा, सगळं घटकाभरात झोपतं. पोरं परातीत गारा वेचत नाचतात आणि मोठी माणसं उंबऱ्यात गप्प उभी राहतात. आजी त्या चित्रात शिरली ती उंबऱ्यातून.

मग दर उन्हाळ्यात ती गोष्ट पुढे सरकत गेली. धुराडं पेटलंय, म्हणजे घरात निदान पीठ आहे. पोराच्या डोक्यावरची टोपी मोठी होते, म्हणजे ती बापाची. मग बाप कुठे? बाप उचल मागायला गेलाय. झाडामागे दिसतो तो ठिपका बापच असेल, रिकाम्या हातानं येतोय म्हणून इतका लहान दिसतो. एकदा ती बराच वेळ गप्प राहिली आणि तिनं विचारलं, "तठे कोनी देवमामलेदार नही का?"

सटाण्याच्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. आरम नदीच्या काठी ज्यांचं मंदिर आहे, मार्गशीर्षात ज्यांची यात्रा भरते, ते यशवंतराव महाराज इथले मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून लोकांच्या ओटीत घातला. आजीच्या लेखी दुःखाच्या मुलखात असा एक मामलेदार असायलाच हवा होता. चित्रात तो सापडेना, तेव्हा तिनं त्याला घोड्यावर बसवून झाडांच्या रांगेमागून आणलं. चित्रकारानं मोकळी सोडलेली जागा बागलाणच्या घोड्याला पुरेशी होती.

पुढे शाळेत शिकले, की थंड मुलखात हिवाळ्यापूर्वी पेरलेल्या गव्हावर बर्फाचा थर पसरला तर तो पिकाला कडाक्यापासून राखतो. त्याच्याखाली रोप जगतं आणि वसंतात पुन्हा वाढीला लागतं. मी धावत जाऊन आजीला सांगितलं. तिनं पुस्तक मागून घेतलं, ते पान काढलं, पुष्कळ वेळ पाहिलं. "मंग बरं शे," म्हणाली. तिचा चेहरा असा सैलावला, जणू शेजारच्या गावाहून निरोप आला होता.

१९९१ साली सोव्हिएत देशच उरला नाही. ती पुस्तकं यायची थांबली. आमचं पुस्तक कुणाकुणाच्या हातांतून फिरत शेवटी कुठे गेलं, कोण जाणे.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट झाली, नाशिक जिल्ह्यालाही तिनं झोडपलं. वर्तमानपत्रात पांढऱ्या शेताचं छायाचित्र आलं होतं. कडेला एक शेतकरी उभा. ते पाहताना नाकात अवचित सरसाचा वास भरला, आणि माझं बोट आपोआप त्या माणसाच्या मागे, झाडांच्या रांगेकडे गेलं.

त्याच वर्षी माधुरी पुरंदरे यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांचं ‘राधाचं घर’, त्यांच्या यशच्या गोष्टी आता आमच्या घरात आहेत. आणि ‘चित्रवाचन’ही, जिथे चित्रंच बोलतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ म्हणत पुस्तकांच्या पेट्या घरोघरी पोचवल्या, त्यामुळे पुस्तक यायला आता विमानाच्या कारखान्यातला मामा लागत नाही. धाकटी भाची चित्रातल्या शेळीला नाव ठेवते, तिला मावशीकडे लग्नाला धाडते, परत यायला उशीर झाला म्हणून रागावते. मी तिला काही सांगत नाही. फक्त मधून मधून विचारते, "आणि मग?" तेवढ्यानं पान उलटायचं लांबतं.

कल्पनाशक्ती वाढावी म्हणून आपण मुलांना अशी पुस्तकं आणून देतो, आणि मनात चित्र असतं ते उडण्याचं. पंख, ढग, पऱ्या. असोत तेही. पण माझ्या वाट्याला कल्पना आली ती जमिनीवरून चालत, न पाहिलेल्या मुलखातल्या न पाहिलेल्या माणसाच्या बांधावर जाऊन थांबणारी, त्याच्या चुलीत काय शिजतंय याची काळजी करणारी. आजीचं रशियाविषयीचं म्हणणं चुकीचंच होतं. तिला वाटलेली कळवळ मात्र खरी होती, आणि मला त्या पुस्तकातून मिळालं ते तेवढंच. त्यानंतर मी पुष्कळ वाचलं. पण अनोळखी माणसाच्या दुःखात कसं शिरायचं, हे मला अक्षरं न येणाऱ्या बाईनंच वाचून दाखवलं.