त्याच्या नावाचा पैसा

मनोरुग्णालयात असलेल्या आपल्या माणसाची झोप, जेवण, औषधे यांची चौकशी आपण सारेच करतो. त्याच्या पैशांचा प्रश्न मात्र घरात दबक्या आवाजातच निघतो. शासकीय रुग्णालयात राहण्या-जेवणाची सोय होते, मग त्याला पैसा हवा कशाला, असा सर्वसाधारण समज असतो. हा समज किती अपुरा आहे, हे धाकट्या भावाच्या निमित्ताने मी जवळून पाहत आले आहे.

आमचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. मानसिक आजारामुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्यास आईवडिलांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते, अशी तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. ते वेतन कोणाच्या हाती द्यावे, याचे नामांकन आईवडिलांनी हयातीतच करून ठेवायचे असते. आमच्या आईने वडिलांमागे ते केले आणि माझे नाव दिले. तिच्या त्या एका अर्जाने आमचे न्यायालयाचे हेलपाटे वाचले.

भावाच्या नावे वेतन सुरू झाले, तेव्हा घरातील एका वडीलधाऱ्यांनी सुचवले, “त्याला काय कळतंय? तो पैसा घराच्या दुरुस्तीला लावू.” त्यांच्या मनात कपट नव्हते. असे बोलणे अनेक घरांत सहज होते, म्हणूनच कायदा काय सांगतो ते आपण जाणून घ्यायला हवे.

1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या मालमत्तेवर न्यायालयामार्फत व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. त्याची जागा घेणाऱ्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात ती नाही. मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणी विकल मनाचा ठरत नाही, तसे सक्षम न्यायालयानेच ठरवावे लागते, असे हा कायदा सांगतो. त्यातील नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांच्या निर्णयात रुग्णाला साहाय्य करतो. त्या नात्याने त्याच्या बँक खात्यावर हक्क मिळत नाही. अनेक कुटुंबांचा येथेच घोटाळा होतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. साहाय्य करणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ एखाद्या व्यवहारात गुंतला असेल, तर त्याने त्या व्यवहारापासून दूर राहावे, असेही त्यात म्हटले आहे. घराच्या दुरुस्तीचा प्रश्न माझ्यापुरता तेथेच मिटला, कारण त्या घरात माझाही वाटा होता.

आमची रीत साधी आहे. भावाचे खाते स्वतंत्र आहे, त्यात घरचा पैसा मिसळत नाही. एका वहीत तारीख, रक्कम आणि कारण लिहिते, पावत्या चिकटवते. दर भेटीत त्याला शिल्लक वाचून दाखवते. तो कधी ऐकतो, कधी खिडकीबाहेर पाहत राहतो, तरी मी वाचते. वॉर्डात रोकड हरवते म्हणून थोडी रक्कम कार्यालयात जमा करून पावती घेते. एकदा तेथील नोंद आणि माझी वही जुळेना. मी लेखी विचारणा केली, तेव्हा सुटलेली नोंद सापडली. विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. हिशेब चोख असला की कर्मचाऱ्यांवरही विनाकारण संशय येत नाही.

एका हिवाळ्यात मी स्वेटर आणणार होते. तो म्हणाला, “ताई, स्वेटर आहे. मला रेडिओ हवा. माझ्या पैशातून आण.” कित्येक महिन्यांनी त्याने ‘माझे’ हा शब्द उच्चारला होता. रुग्णालयात काम केले तर योग्य मोबदला मिळावा आणि कामाची सक्ती होऊ नये, हाही 2017 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. अशी कमाई थोडी असली, तरी तिची नोंद त्याच्याच नावे व्हायला हवी.

आता डॉक्टर म्हणतात की औषधे चालू ठेवून तो बाहेर राहू शकेल. केवळ कुटुंब नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत, एवढ्यासाठी कोणाला रुग्णालयात ठेवू नये, असे कायदा सांगतो. पण बाहेर राहायचे तर जागेचे भाडे, जेवण, देखरेख यांना पैसा लागतो. माझे गुडघे आता जिने चढत नाहीत, त्याला माझ्याकडे ठेवणे मला झेपणारे नाही. साठलेल्या वेतनावर त्याच्यासाठी एका निवासगृहाची चौकशी सुरू आहे. तो पैसा घराच्या भिंतींत गेला असता, तर आज ही चौकशीसुद्धा करता आली नसती.

ज्येष्ठ वाचकहो, ‘आमच्यामागे त्याचे कसे होणार?’ ही चिंता आपल्यापैकी अनेकांना रात्री जागवते. तिच्यातील थोडा भाग आज हलका करता येईल. निवृत्तिवेतन असेल, तर अपत्याची नोंद आणि पैसे स्वीकारणाऱ्याचे नामांकन आजच तपासा. मृत्युपत्र करा. बँकेतील नामनिर्देशित व्यक्ती पैसा स्वीकारते, तिला मालकी मिळतेच असे नाही, हे ध्यानात ठेवा. हिशेबाची वही घालून ती पुढे कोण सांभाळणार, हे ठरवा आणि ज्याच्यासाठी हे सारे करता, त्याला ते सांगा. त्याचे लक्ष नाही असे वाटले, तरी सांगा.